कडेची जागा

"गुणी आहे हो तुमची मुलगी. घरी थोडं लक्ष द्या, बाकी काळजी नको," बाई म्हणाल्या.

भिंगरीच्या आईचे कान टवकारले. अगदी हेच वाक्य बाईंनी रांगेत तिच्या पुढे उभ्या असलेल्या एका बापालाही ऐकवलं होतं, आणि त्याच्या पुढच्या आजीलाही. फक्त ‘मुलगी’च्या जागी ‘मुलगा’. रांगेत उभं राहून राहून तिला ते पाठ झालं होतं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. चिठ्ठीवर जरा कुठे खाडाखोड दिसली की समोरच्याला सरळ परत पाठवायची. तिला असं कोण गुंडाळणार?

"गुणी म्हणजे नेमकं काय, बाई?"

"म्हणजे... शांत आहे. कधी आवाज नाही तिचा."

शांत! झोपेतसुद्धा बडबडते ती कार्टी. तोंड थांबलं तर पाय चालतात, म्हणून तर घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. आईनं उघड्या दारातून आत नजर टाकली. पोरांना शुद्धलेखन देऊन बाई पालकांना भेटायला व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आत नुसती डोकीच डोकी. सरकारी शाळेतली दुसरी इयत्ता म्हणे! बाजार परवडला. त्या गर्दीत स्वतःचं पोर तिला स्वतःलाच सापडेना.

"राग मानू नका बाई, पण माझी मुलगी यातली कोणती, एवढं तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

मागच्या रांगेतल्या माना पुढे झाल्या. सगळ्यांच्या पोटात होतं तेच हिच्या ओठावर आलं होतं.

बाईंचा चेहरा उतरला, मग आवाज चढला. "एवढी पोरं एका वर्गात कोंबली ती काय मी कोंबली? वर्ग दोन करा, दुसरी शिक्षिका द्या, सांगून सांगून घसा बसला माझा. पण माझी पोरं मी ओळखते. तुमची ती डावखुरी. अक्षर अजून वेडंवाकडं येतं, तरी मी कधी बोलत नाही तिला."

सापडल्या! आईला आधी आनंद झाला, पण लगेच तिच्या ध्यानात आलं. म्हणजे आपलं लेकरू रोज इथे येऊन बसतं आणि या बाई त्याला दुसरंच कुणीतरी समजतात. उद्या ते वर्गातून उठून कुठे निघून गेलं, तर यांना कळणार तरी कसं?

"डावखुरी? अहो, घरी जेवते उजव्या हातानं, लिहिते उजव्या हातानं. अक्षर बघा तिचं, मोत्यासारखं!"

"वर्गातली वही बघितलीय कधी?"

"वही घरी पाठवता कुठे तुम्ही? कपाटात बंद करून ठेवता."

"पाठवली तर अर्धी पोरं आणतच नाहीत परत." बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एक विचारू? तुम्ही तिच्या आईच ना?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "चला आत," ती म्हणाली. "कोण खोटं ते आत्ताच्या आत्ता दिसेल सगळ्यांना."

बाकांमधून वाट अशी नव्हतीच. दप्तरं ओलांडत, अंग चोरत दोघी मागे पोचल्या. दोघांच्या बाकावर चौघं बसली होती. डावीकडच्या टोकाला भिंगरी. अर्धी बाकावर, अर्धी हवेत. पाय जमिनीला टेकत नव्हते. जीभ दातांत धरून ती एकेक अक्षर काढत होती. डाव्या हातानं.

बाईंनी आईकडे बघितलं. आई बाकाशी वाकली.

"काय गं, हे काय नाटक?" ती पोरीवर खेकसली. "उजव्या हाताला काय झालं तुझ्या?"

"काही नाही. त्यानं धरलंय ना." भिंगरीनं हनुवटीनं मागे दाखवलं. तिचा उजवा हात शेजारणीच्या पाठीमागून जाऊन बाकाची फळी घट्ट धरून होता. बोटं पांढरी पडली होती. "सोडला की पडते मी. त्या पलीकडच्या टोकाच्या मुलाचं बरंय. तो डाव्यानं धरतो, मग त्याला उजव्यानं लिहिता येतं."

"आणि बडबड कुठे गेली तुझी?"

"बोलायला लागलं की तोल जातो."

आपण हिची आई, आणि आपल्याला हे ठाऊक नाही! तिनं बाईंकडे बघितलं. बाई त्या पांढऱ्या बोटांकडे बघत होत्या.

"मला वाटलं, ती मुळातच..." बाईंनी वाक्य तिथेच सोडलं. मग एकदम कडक आवाजात म्हणाल्या, "ऊठ गं तू. आजपासून तू आत बसायचंस. ही बसेल कडेला."

शेजारच्या मुलीनं वही छातीशी धरली. तिचे डोळे भरून आले.

भिंगरी जागची हलली नाही. तिनं मान हलवली, तीसुद्धा बेतानंच.

"नको, बाई. तिच्या डाव्या हाताला अजून काहीच येत नाही."