शिवेपाशी

जंगल तोडून स्टेशन झालं, तेव्हा त्या नव्या गावात पहिलं दुकान सांबय्या कोंतमवाराने मांडलं. गावातली पहिली चिताही त्याच्याच बायकोची पेटली. चार वर्षांची चंद्री मागे ठेवून सुभद्रा तापाने गेली.

तेरावं उरकून तो दुकानात बसला, तर पलीकडच्या टोल्यावरची, रानातल्या छोट्या वस्तीतली एक बाई म्हणाली, "काल दुपारी तुम्ही नव्हते. शेठाणीनं मीठ दिलं."

"कोणत्या शेठाणीनं?"

"तुमच्याच. लई वाळली बिचारी. बोललीसुद्धा नाही."

सुभद्रा गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं.

सांबय्या धावत घरात गेला. चंद्री ओसरीवर खेळत होती. केसांना ताजं तेल, घट्ट वेणी.

"वेणी कुणी घातली?"

"आईनं," ती सहज म्हणाली. सांबय्याने त्याच सांजेला घरच्यांकडे निरोप धाडला.

निरोप मिळताच थोरला भाऊ बैलगाडी घेऊन आला. "इथे राहू नको. ती पोरीला घेऊन जाईल," तो म्हणाला. दुकानाला कुलूप लागलं, सामान गाडीत चढलं.

गावाची शीव ओलांडताच चंद्रीने हंबरडा फोडला. "बाबा, थांबा ना! आई उतरली. तिथंच उभी आहे."

सांबय्याने मागे पाहिलं. रस्ता मोकळा होता. उन्हात नुसती धूळ खाली बसत होती.

"या रानात तिला मीच आणलं होतं," तो पुटपुटला आणि त्याने बैल माघारी वळवले. भाऊ ओरडत खाली उतरला.

गाडी शिवेच्या आत आली, तशी चंद्री रडायची थांबली. डोळे पुसून ती जरा सरकली आणि तिने शेजारी जागा केली.