रहाटावरचा माणूस

सुरुंग ठासून झाला तसा मच्छिंद्रने विहिरीच्या तळातून दोर हलवला. आता तो वात पेटवणार, दोराच्या फासात पाय अडकवणार आणि वर रहाटावर उभा असलेला धर्मराज त्याला जल्दी ओढून घेणार. रीत अशी होती. बेत वेगळा होता.

शिवकन्या मच्छिंद्रला दिली तेव्हापासून धर्मराजला धड झोप नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात आटलेली विहीर मच्छिंद्रने खोल करायला काढली, तेव्हा तो आपणहून मजुरीला लागला, तो या घटकेसाठी. खून करायचा ठरला की माणूस फार कामसू होतो. वेळेवर येई, रहाटाला तेल देई, मच्छिंद्रला मालक म्हणे. दुपारी शिवकन्या दोघांची भाकरी आणी. भाकरीवर उठलेली तिची बोटं तो आधी बघत बसे, मग खाई. "हात सटकला, साहेब," हे फौजदारासाठीचं वाक्य त्याने बैलापुढे म्हणून पाहिलं होतं. बैलाला पटलं होतं.

वातीचा वास वर आला. दोराला वजन लागलं. धर्मराजने रहाट फिरवला आणि अर्ध्यात थांबवला. तळहात घामाने असे ओले झाले होते, की आता खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती.

"काय झालं रे?" खालून आवाज आला. आवाजात भीती नव्हती, नुसती चौकशी. "वात आखूड हाय बरं का. घरची म्हणली, दोर धर्माशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. म्हून मी बिलकुल निवांत हाय."

धर्मराजला गलबलून आलं. तिचा आपल्यावर एवढा भरवसा! त्याने रडत रडत असा रहाट फिरवला, की मच्छिंद्र काठावर येऊन आदळलाच. दोघे बाभळीमागे पोचले आणि पिंपळगावापर्यंत ऐकू जाईल असा बार उडाला.

धुरळा बसला तेव्हा शिवकन्या बांधावर उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग धर्मराजकडे, बराच वेळ. मग खाली बसून फडकं सोडलं.

"आज एकाचीच कशी गं?" मच्छिंद्रने विचारलं.

मच्छिंद्रने हसत भाकरी मोडली आणि अर्धी धर्मराजपुढे धरली. उद्याचा सुरुंग याहून मोठा आहे, पोटभर खा म्हणाला. भाकरीवर बोटं उठलेली होती. धर्मराज नुसता बघत बसला.

शिवकन्याने फडकं झटकलं, घडी घातली आणि धर्मराजला विचारलं, "उद्या किती जणांची आणू?"