सुटलेली वाटी

"आई, डोकं घट्ट धर. मध्येच उठली तर सगळं मुसळ केरात."

म्हातारीने कालवडीचं डोकं मांडीवर दाबून धरलं. कालवड चार दिवसांची. जन्मतःच मागच्या उजव्या गुडघ्याची वाटी बाहेर सरकलेली. उभी राहायला जाई आणि बसकण मारी. या वेळी म्हातारी तेल चोळत बसली नाही. दुसऱ्याच सकाळी तिने लेकीला फोन लावला. लेक जनावरांची डॉक्टर.

लेक लंगडत आली आणि पाय लांब करून पेंढ्यावर बसली. तिचाही उजवाच गुडघा, तीच वाटी. ती लहान असताना म्हातारीने तो रोज सकाळी रगडला होता. "चालता चालता बसेल जागेवर," असं ती जो भेटेल त्याला ठणकावून सांगायची. वाटी काही बसली नाही.

भूल देऊन कालवडीचा गुडघा उघडला. बाहेरच्या बाजूचा ताठरलेला पडदा लेकीने कापून सैल केला. मग वाटी बोटाने आत सारली. बसली.

शेजारीण बांधलेले पाय धरून होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "अगंबाई, एवढंच? मग तुझ्या वेळी नव्हतं का गं असं काही?"

"नव्हतं," लेक म्हणाली. ज्या गोठ्यात जाई तिथे हा प्रश्न यायचा आणि ती हेच सांगायची. म्हातारीनेच तिला तसं सांगून ठेवलं होतं.

शेजारीण गरम पाणी आणायला घरात गेली. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेली म्हातारी कालवडीच्या कपाळाकडे बघत बोलली.

"होतं. मोठ्या डॉक्टरने चिठ्ठी दिली होती. वर्षाच्या आत आणा म्हणाला. मीच त्याला झापलं. म्हटलं, माझी लेक काय वासरू आहे, चिरायला?"

लेकीची सुई थांबली नाही. आतल्या बाजूचा ढिला पडदा आवळत तिने एक टाका घातला, मग दुसरा.

"माहीत आहे. पिठाच्या डब्याखाली आहे ती चिठ्ठी. वाचायला शिकले त्याच वर्षी सापडली." तिने दोरा कापला. "डोळे पूस, आई. शेजारीण आली की पुन्हा विचारेल, आणि मला पुन्हा 'नव्हतं'च म्हणायचंय."