डबीतला भुंगा

मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवतं आणि सालेकशाचं जंगल जळत सुटतं. त्यामुळे झुडपाशी वाकलेला जंगलूबाबा दिसताच वनरक्षक अलकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"काय करून राहिले, बाबा?"

"किडे पाहून राहिलो जी, मॅडम."

त्याच्या खिशातून माचिसची नवीकोरी डबी डोकावत होती. तिनं ती ओढून उघडली. आत हिरवा, चकचकीत भुंगा होता.

"नातीसाठी धरला जी."

अलका ओशाळली. डबी परत देऊन ती पुढं निघाली. नाला ओलांडताच समोरून टोळ भराभरा तिच्या अंगावर आले, सरडे पायांतून मागं पळाले. पाठोपाठ धुराचा वास आला.

डबीत भुंगा होता. मग काड्या कुठं होत्या?