डावा-उजवा

येवल्याच्या खातूनबी नाशिकच्या फार्मसी कॉलेजात शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, सवयीप्रमाणे दोन्ही हात ओढणीखाली झाकून. पुढे त्यांची नात शाझिया परीक्षकांना आपला प्रोजेक्ट समजावत होती.

"सर, कच्च्या रेशमावर चिकट थर असतो. त्यात सेरीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर. ते त्वचेत ओलावा धरून ठेवतं. पैठणीचं रेशीम उकळलं की तो थर पाण्यात उतरतो, आणि ते पाणी आम्ही गटारात ओततो. मी त्याचं क्रीम केलंय."

"माणसांवर किती दिवस वापरून पाहिलं?"

"क्रीम नाही सर, पण ते पाणी एका बाईवर. एक्केचाळीस वर्षं."

वर्गात खसखस पिकली. खातूनबींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोरीला हसतात म्हणजे काय! त्या तरातरा पुढे आल्या आणि त्यांनी उजवा हात परीक्षकांच्या टेबलावर ठेवला. साठी उलटलेल्या बाईचा हात, पण सायीसारखा मऊ.

परीक्षकांनी तो निरखून पाहिला. "सुंदर आहे, आजी. पण तुमची कातडी मुळातच अशी असेल. तुलना कशाशी करायची?"

खातूनबींनी ओढणीतून डावा हात काढला आणि उजव्याला लागून ठेवला. राठ, सुरकुतलेला, भेगा पडलेला.

"याच्याशी करा की, साहेब," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "त्या निवलेल्या पाण्यात रेशमाच्या लडी चोळल्या त्या उजव्यानं. ह्या डाव्यानं जन्मभर पाण्याबाहेर नुसती लडी अडकवलेली काठी धरली."