पट्ट्याचं गाव

मोतीलालबापू अर्ध्या वाटेत थांबले आणि त्यांनी भिंतीला हात टेकला.

"दमलात का बापू?" चेतनानं विचारलं, पण हातातलं घड्याळ चालूच ठेवलं.

"मी नई दमनू. तुन्हं घड्याळच भलतं पळस," बापू हसले. मागच्या खेपेला ते भिंत न धरता शाळेच्या ओट्यापर्यंत आले होते.

त्यांची सून काजल खुर्ची घेऊन धावली. "ताई, बापूसनी कंबर भलती दुखस. घर ते रोज..."

"थांब काजल! घरी काय करतात ते मला सांगायचं नाही. माझ्या कानावर पडलं की सगळी मेहनत वाया."

काजलनं बापूंना खुर्चीत बसवलं. चेतनानं कंबरदुखीची नोंद केली, सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

चेतना लोणखेड्याची. लकव्यानं एक अंग गेलेल्या माणसांना पुन्हा चालतं करण्याचं शिक्षण घेऊन आलेली. तिनं एक रबरी पट्टा बनवला होता. कमरेला बांधायचा, खाली पावलात अडकवायचा, म्हणजे पाऊल फरफटत नाही. नव्या संशोधकांना आपली कल्पना लहान प्रमाणात करून बघता यावी म्हणून एक निधी मिळतो, तो तिला मिळाला होता. प्रयोग यशस्वी झाला तर मोठा निधी आणि पट्टा जिल्हाभर. नाही तर पट्टा कपाटात आणि चेतना घरी.

प्रयोगाला तापीकाठची दोन गावं घेतली होती, एक अलीकडचं, एक पलीकडचं. चिठ्ठी टाकून एकाला पट्टा दिला, दुसऱ्याला नुसता साधा व्यायाम. कुणाला काय मिळालं, हे तिचा जोडीदार हेमकांत जाणत होता. पट्टे त्यानंच वाटले होते. माप घेणाऱ्याचं मन कुणीकडे झुकू नये, म्हणून चेतनापासून हे लपवलेलं. चाल मोजायची तीही पट्टा सोडून. गावकऱ्यांनी नियम इमानानं पाळला. हेमकांत पट्ट्याच्या गावाला अधूनमधून फोन करायचा. पट्टा चालू आहे ना, एवढंच विचारायचा. चालू आहे, असं उत्तर यायचं.

अलीकडच्या गावात काजलचे वडील राहत, धुडकूआप्पा. पहिल्या मोजणीला दोघांनी धरून आणलं होतं त्यांना. आता काठी नुसती शोभेला होती.

"पोरी, आते तू मन्हासंगे शर्यत लाव," ते म्हणायचे. "हारशी तं चहा तुन्हा."

शेवटची मोजणी झाली आणि हेमकांतनं चिठ्ठी उघडली. पट्ट्याचं गाव अलीकडचं निघालं. जे चालायला लागले ते सगळे तिथले. पलीकडचे एकामागून एक बसत गेले होते. चेतनाला रडू आवरेना.

निधी देणाऱ्या समितीतल्या प्रतिभा मॅडमनी तिला अडवलं. "सुधारणा पट्ट्यामुळेच झाली, हे कशावरून? माणसं आपोआपही बरी होतात."

"मग पलीकडची का नाही झाली मॅडम?" चेतना म्हणाली. "तिथले मोतीलालबापू सुरुवातीला आपल्या पायांनी यायचे. आज अंथरुणाला खिळलेत. त्यांना पट्टा मिळाला असता तर..."

मॅडमनी चष्मा काढून डोळे टिपले. मोठा निधी मंजूर झाला.

पट्ट्यांनी भरलेली गाडी घेऊन हेमकांत डोंगरात गेला आणि चेतना पेढे घेऊन धुडकूआप्पांकडे. आप्पा फाटकापर्यंत चालत सामोरे आले. ती पाया पडली, तेवढ्यात फोन वाजला.

"धडगावचे वाटून झाले," हेमकांत ओरडून सांगत होता. "लोक इथंच बांधून बघताहेत. उद्या अक्कलकुवा!"

तिनं आप्पांच्या हातावर पेढा ठेवला. "आप्पा, आता पलीकडच्या गावालाही पट्टे देणार. पहिला तुमच्या व्याह्यांना, मोतीलालबापूंना. इथून तिकडेच निघालेय."

आप्पांनी पेढा तोंडाशी नेता नेता थांबवला. "त्यासले आखो एक कसाले?"

"आणखी एक?"

"मन्हा पट्टा त्यासनाकडेच शे ना. हेमकांतभाऊनी दिना त्याच दिन धाडी दिना. मन्ही लेक त्यासना घर देयेल शे, पोरी. नवी वस्तू मी वापरू आन याहीसनी साधा व्यायाम करवा? काजलले काय तोंड दाखाडू?"

चेतनाच्या हातातला पेढ्यांचा डबा कलला. "आणि... गावातल्या बाकीच्यांनी?"

"समदासनी धाडात. आम्हन्या समद्या पोरी तथाच देयेल शेतस."

आप्पांनी पेढा तोंडात टाकला आणि समाधानानं मान हलवली.

"पन मोतीलाल याही इमानी मानूस. आते खाटवरतीन उठाता येत नई, तरी पट्टा एक दिन सोडेल नई त्यासनी."