काकांचा ठिपका

“अरे चष्मिस, पूस ना तो ठिपका! बाहेर रणरणतं ऊन आणि तुझ्या रडारवर पाऊस?” साहेब खेकसले.

“नाही पुसणार! मागच्या आठवड्यात पुसला होता ना!” चष्मिस भडकला.

तेव्हाही भुयारी रस्त्यावर असाच हिरवा ठिपका बसला होता. मोबाइल टॉवरमुळे उठलेला खोटा डाग असेल म्हणून त्याने उडवला. घरी जायची घाई झाली होती. पावसाचा इशारा गेलाच नाही. भुयार पाण्याने भरलं, आणि त्याला घरी न्यायला येत असलेले ऑफिसचे ड्रायव्हरकाका गाडीसकट आतच बुडाले.

आज ठिपका त्याच भुयारातून बाहेर पडला होता. ढग वाऱ्याबरोबर जातात, हा वाऱ्याच्या उलटा चालला होता. तोही रस्त्यारस्त्याने.

“साहेब, सिग्नलला थांबला बघा.”

“गप रे. पावसाला कसला सिग्नल?” साहेब हसले. ठिपका पुढच्या सिग्नललाही थांबला, तसं त्यांचं हसू मावळलं.

रस्ता रिकामा असला तरी काका थांबायचे. “लाल म्हणजे लाल, बाळा,” म्हणायचे.

ठिपका ऑफिसच्या गल्लीत वळला, स्क्रीनच्या मधोमध आला आणि गायब झाला. मधोमध रडारच उभं आहे, ऑफिसच्या छतावर. त्याला स्वतःच्या डोक्यावरचा पाऊस दिसत नाही.

खिडकीत लख्ख ऊन होतं. पत्र्यावर टपटप सुरू झाली. मग खाली हॉर्न वाजला, काकांचा, रोजच्यासारखा दोनदा.

साहेबांनी त्याचा हात घट्ट धरला. चष्मिसने तो सोडवला आणि डबा उचलला.

“काका ताटकळलेत, साहेब. मला आता निघायला हवं.”